आर्मीचा नियम बदलायचाय? मग वाद असा घाला

टेबलावरच्या लढाईत, म्हणजे छोटे शिपाई टेबलावर मांडून फाशांवर लढाई खेळतात त्या गेममध्ये, नवीन आलेला माणूस दोन-तीन गेम हरला की पहिलं वाक्य काय निघतं तर समोरच्याची आर्मी ओव्हरपॉवर आहे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त भारी, हिचा नियम बदला. आमच्या जळगावच्या ग्रुपात हे कायम चालतं आणि चालू द्यावं असंच माझं मत आहे, कारण नव्या माणसाला जे खटकतं ते जुन्यांच्या डोळ्यांना सवयीनं दिसेनासं झालेलं असतं. पण खटकणं ही एक गोष्ट आणि त्यावर नियम बदलायचा प्रस्ताव मांडून तो चार लोकांपुढं टिकवणं ही दुसरी गोष्ट. ही दुसरी कशी करायची ते नीट पायरी-पायरीनं सांगतो, कारण चांगले चांगले प्रस्ताव नुसते चुकीच्या पद्धतीनं मांडले म्हणून पडताना मी बघितलेत आणि मला ते फार लागतं.

आधी आम्ही काय खेळतो ते सांगतो, म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध, घरी बनवलेल्या नियमांवर. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. हेच युद्ध का, तर ते आपल्या दारातलं आहे भो. असईचं मैदान म्हणजे अजिंठ्याचा घाट चढून पुढं जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली जागा, तिथं २३ सप्टेंबर १८०३ ला लढाई झाली आणि पुढच्याच महिन्यात इंग्रजांची दुसरी फौज बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेऊन बसली, म्हणजे जुन्या खानदेशचं काळीजच. टेबल सहा बाय चार फुटाचं, प्रत्येकी ५०० पॉइंटची आर्मी, म्हणजे प्रत्येक युनिटला पॉइंटमध्ये किंमत असते आणि त्यातून आपल्या युनिटांची लिस्ट बनवायची. एका पलटणीत चार बेस, म्हणजे शिपाई चिकटवलेल्या चार पट्ट्या, पलटण फायर करताना चार फासे टाकते आणि ५ किंवा ६ आला की हिट. एक बेस दोन हिट खाऊन संपतो. पायदळ एका टर्नला ६ इंच चालतं, तोफेची रेंज २४ इंच. मोरालसाठी, म्हणजे पलटण टिकते की पळते ते बघायला, दोन फासे, बेरीज ७ किंवा जास्त आली तर पलटण उभी राहते. बस, एवढं पुरे.

तुम्ही वॉरहॅमर, म्हणजे कंपनीनं बनवलेला असाच टेबलावरचा गेम, खेळत असाल तरी पायऱ्या ह्याच, फरक इतकाच की तिथं कंपनी स्वतःच वेळोवेळी पॉइंट आणि नियम बदलत असते, त्यामुळे तुमचा वाद फक्त तुमच्या ग्रुपापुरत्या हाउसरूलचा, म्हणजे घरच्या नियमाचा.

पहिली पायरी: तक्रार लिहा, उपाय लिहू नका

नवीन माणूस येतो आणि थेट म्हणतो, "तोफेची रेंज १८ करा." हा उपाय झाला. तक्रार काय आहे? ती कागदावर एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात टेबलावर डोळ्यांनी दिसलेली गोष्ट पाहिजे. "माझ्या दोन पलटणी समोरच्याला भिडायच्या आधीच तोफांनी संपल्या, तिसऱ्या टर्नपर्यंत माझ्याकडे करायला काही उरलंच नाही" ही तक्रार झाली. "तोफा लय भारी आहेत" ही झाली कुरकूर, तिच्यावर कोणी काय उत्तर देणार, समोरचा म्हणणार नाहीत भारी आणि मग रात्री अकरापर्यंत तेच.

तक्रार नीट लिहिली की तिला चार-पाच उपाय सुचतात आणि रेंज कमी करणं हा त्यातला फक्त एक असतो. म्हणून आमच्याकडे ज्याला प्रस्ताव मांडायचा त्याला पहिल्या दिवशी उपाय बोलूच देत नाहीत. कडक वाटतं पण फार उपयोगी आहे.

दुसरी पायरी: आर्मीला हात लावायच्या आधी टेबल बघा

ही पायरी लोक गाळतात आणि सगळा घोळ इथंच असतो. वरची तोफेची तक्रार घ्या आणि गणित करा. तोफखाना तीन फासे टाकतो, ४ किंवा जास्त आला की हिट, म्हणजे सरासरी दीड हिट एका टर्नला. २४ इंचांवरून ६ इंचांनी चालत येणाऱ्या पायदळाला पोचायला चार टर्न लागतात, म्हणजे एका तोफखान्याकडून सहा हिट. समोर तीन तोफखाने असले तर अठरा हिट आणि पलटण आठ हिटमध्ये संपते, म्हणजे दोन पलटणी खरंच वाटेत संपल्या आणि पोराची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

पण आता बघा की टेबलावर होतं काय. सपाट हिरवं कापड आणि कोपऱ्यात एक टेकडी. आपल्याकडची जमीन अशी असते का कुठं? पाच शेतं ओलांडली की एक नाला, मग गाव, गावाची मातीची भिंत, बांधावरची बाभळीची रांग. असईलाच मातीच्या भिंतींचं गाव होतं, दोन नद्या होत्या, त्या ओलांडायच्या जागा मोजक्याच होत्या. टेबलावर एक नाला आणि दोन गावं अशी ठेवा की चारपैकी दोन टर्न पायदळ आडोशाला राहील. अठराचे नऊ हिट झाले, एक पलटण गेली आणि दुसरी पोचली, एकही नियम न बदलता. म्हणून प्रस्ताव मांडायच्या आधी तीच लढाई भरलेल्या टेबलावर पुन्हा खेळा, आणि तरीही तक्रार तशीच राहिली तर पुढं या.

तिसरी पायरी: भांडण इतिहासाचं आहे की बॅलन्सचं ते ठरवा

ऐतिहासिक आर्मीचा वाद घालताना दोन वेगळी भांडणं एकाच ताटात कालवली जातात. एक म्हणतो "असं प्रत्यक्षात झालं नव्हतं", दुसरा बॅलन्सचं म्हणतो, "असं केलं तर गेम एकतर्फी होतो", दोघंही बरोबर असतात आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नाहीत. मला यावर जरा थांबून बोलायचंय कारण आपल्या आर्मीच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं.

इतिहासाचं भांडण पुराव्यानं मिटतं. आमच्यातल्या एकाला मराठा लिस्टमध्ये खानदेशची भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, पाहिजे होती, आपली माणसं म्हणून, भावना मला पूर्ण समजते. पण ती कोअर आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं उभी केली १८२५ मध्ये आणि तीसुद्धा कंपनी सरकारसाठी. १८०३ च्या शिंद्यांच्या फौजेत ती बसत नाही, इथं बॅलन्सचा प्रश्नच येत नाही, पाच मिनिटांत विषय संपला. तसंच यशवंतराव होळकरांच्या घोडदळाचं. होळकर त्या वर्षीच्या युद्धात उतरलेच नाहीत, त्यांचं इंग्रजांशी जुंपलं १८०४ मध्ये. त्यांची वेगळी लिस्ट बनवा, मी स्वतः मदत करतो, पण असईच्या टेबलावर नको.

आता उलटं उदाहरण, आणि हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा वाद आहे. आमच्या जुन्या नियमांत शिंद्यांच्या कवायती पलटणींचं मोराल इंग्रजांच्या सिपायांपेक्षा, म्हणजे त्यांच्या हिंदी शिपायांपेक्षा, एकानं कमी होतं. सिपायाला ६ पुरतो, आपल्या पलटणीला ७ लागतो. प्रस्ताव आला की दोघांना सारखं करा. आता पुरावा बघा. हे पायदळ काल जमवलेलं नव्हतं, महादजींच्या काळात १७८४ पासून द बॉयन या युरोपीय अधिकाऱ्यानं कवायत शिकवून उभे केलेले कंपू, म्हणजे पलटणींचे मोठे गट, होते. असईला वेलस्ली बाजूनं नदी ओलांडून आला तेव्हा त्याला वाटलं होतं की ही फौज वेळेत तोंड फिरवू शकणार नाही, पण शिंद्यांचा युरोपीय अधिकारी पोलमान यानं अख्खी रांग काटकोनात वळवली आणि तोफांसकट नीट उभी केली. पहिली रांग मोडल्यावर पायदळ जुईकडं पाठ करून पुन्हा उभं राहिलं. इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. आणि त्याच नोव्हेंबरात लासवारीला शिंद्यांच्या उत्तरेकडच्या पलटणी कशा लढल्या ते तर तिकडच्या इंग्रज सेनापतीच्या, लॉर्ड लेकच्या फौजेला चांगलंच कळलं.

दुसऱ्या बाजूचा पुरावापण मांडावा लागतो, तो लपवला तर तुमचा प्रस्ताव पडलाच पाहिजे. युद्धाच्या सुमारास शिंद्यांकडचे इंग्रज वंशाचे बरेच अधिकारी नोकरी सोडून गेले, म्हणजे पलटणी चांगल्या पण वरचा हुकूम कमजोर. मग प्रश्न असा झाला की ही कमजोरी पलटणीच्या मोरालमध्ये दाखवायची की सेनापतीच्या हुकुमात? माझं मत स्पष्ट आहे, हुकुमात. पलटणीला सारखं मोराल द्या आणि सेनापती एका टर्नला जेवढे हुकूम सोडू शकतो त्यातला एक मराठा बाजूला कमी द्या. असईला घोडदळाचा मोठा जथा जवळपास बघत उभा राहिला तेसुद्धा ह्याच नियमात आपोआप बसतं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. आपली फौज म्हणून तिच्याबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे, पण "मराठे हरले म्हणून नियम चुकीचा" हा मुद्दा नाही. आणि "ते शेवटी हरले ना, मग कमीच पाहिजेत" हाही मुद्दा नाही. लढाई एकदा हरली म्हणजे प्रत्येक शिपाई हलका होता असं होत नाही. दोन्हीकडून ही वाक्यं आली की ज्यानं वही धरलीय त्यानं ती लिहूनच घेऊ नयेत.

चौथी पायरी: फाशाचं गणित करून या

गणित म्हणलं की नवीन पोरं घाबरतात, पण सहा बाजूंचा फासा आहे, दहावीच्या पोराला येतं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की "फक्त एकानं वाढवा" हे सगळीकडे सारखं नसतं. ६ ला हिट होतं ते ५ ला, म्हणजे ५ किंवा जास्त आला की, केलं तर मारा दुप्पट झाला. ५ चं ४ केलं तर दीडपट. ४ चं ३ केलं तर एक तृतीयांशानं वाढला. ३ चं २ केलं तर फक्त पाव भागानं वाढला. म्हणजे कमजोर युनिटला दिलेला एक हा भारी युनिटला दिलेल्या एकापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक कमजोर युनिटला "थोडासा" हात देतात आणि पुढच्या रविवारी तेच युनिट सगळ्यांना झोपवतं.

त्यापेक्षा मवाळ उपाय म्हणजे एक फासा जास्त द्या. चार फासे ५ ला हिट म्हणजे सरासरी १.३३, पाच फासे म्हणजे १.६७, पावपट वाढ. आणि चुकलेले फासे पुन्हा टाकायची मुभा, म्हणजे रीरोल, हे ऐकायला बारीक वाटतं पण ५ ला हिट असेल तर ३३ टक्क्यांचे थेट ५६ टक्के होतात, म्हणजे ५ चं ४ करण्यापेक्षाही जास्त. रीरोल वाटायच्या आधी दहा वेळा विचार करा.

आता मोरालचं. दोन फाशांवर ७ किंवा जास्त यायची शक्यता ५८ टक्के, ६ किंवा जास्त यायची ७२ टक्के. चौदा टक्क्यांचाच फरक ना? पण पलटणीला एका गेममध्ये तीनदा मोराल टाकावं लागलं तर तीनही वेळा उभं राहायची शक्यता पहिल्यात २० टक्के आणि दुसऱ्यात ३८ टक्के, जवळपास दुप्पट. म्हणून वरचा प्रस्ताव मांडताना हे आकडे स्वतःहून पुढं ठेवावे लागतात, समोरच्यानं काढायची वाट बघू नका, त्यानं काढले की तुम्ही लपवत होता असं दिसतं.

पॉइंट किती वाढवायचे? आमचा ढोबळ हिशोब असा, युनिटची किंमत म्हणजे त्याचा मारा आणि टिकाव यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. मारा दीडपट झाला आणि टिकाव तोच राहिला तर किंमत साधारण १.२२ पट, म्हणजे ४० पॉइंटची पलटण ४९ ला गेली. हा आकडा पत्थर की लकीर नाही, सुरुवात करायला एक जागा आहे, बाकी टेबल सांगतं.

पाचवी पायरी: प्रस्ताव असा लिहा की दोन माणसं त्याचे दोन अर्थ काढू शकणार नाहीत

एक खरंच सुंदर प्रस्ताव होता. असईला काय झालं की इंग्रज तोफांवरून पुढं निघून गेले, पडलेले गोलंदाज मेलेत असं समजून, आणि ते उठले आणि त्याच तोफा मागून इंग्रजांवर फिरवल्या, वेलस्लीला परत मागं येऊन त्या घ्याव्या लागल्या. कोणीतरी म्हणालं हे आपल्या नियमात पाहिजेच. पहिल्यांदा लिहिलं होतं, "शत्रू तोफांवरून गेला तर गोलंदाज पुन्हा उठू शकतात." वाचायला छान. पण कधी उठतात? किती वेळा? शत्रू जवळ उभा असला तरी? जवळ म्हणजे किती? तोफ कुठल्या बाजूला तोंड करणार? एवढ्या भोकांतून अख्खं घोडदळ निघून जाईल.

नंतर लिहिलं ते असं: शत्रूचं युनिट आपल्या तोफखान्यावरून पुढं गेलं आणि त्याचा एकही बेस तोफखान्याच्या २ इंचांच्या आत राहिला नाही, तर मराठा खेळाडूनं आपल्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला एक फासा टाकावा. ५ किंवा ६ आला तर तो तोफखाना पुन्हा चालू, खेळाडूला पाहिजे त्या दिशेला तोंड करून त्याच टर्नला फायर करता येईल. एका तोफखान्याला एका गेममध्ये हे एकदाच.

कधी, कोण, किती इंच, कुठला आकडा, किती वेळा. एवढं असलं की वाद मिटतो. आणि हा नियम मला का आवडतो ते पण सांगतो, कारण यानं समोरच्यालासुद्धा विचार करायला लावलं. इंग्रज खेळाडू आता एक बेस मागं ठेवायचा की सगळे घेऊन पुढं जायचं हे ठरवतो. जो नियम दोघांनाही काहीतरी ठरवायला लावतो तो घ्या, जो नुसता एकाच्या खात्यात आकडा टाकतो तो शक्यतो सोडा.

सहावी पायरी: बसून बोलणं

आमची बैठक संध्याकाळीच, मे महिन्यात दुपारी भुसावळच्या बाजूला कोणी घराबाहेर पडत नाही आणि तापलेल्या डोक्यानं मोरालवर बोलू नये. जेवणाच्या आधी बसा, शेवभाजी पुढं आली की कोणी गणित ऐकत नाही.

क्रम असा ठेवा. आधी तक्रार वाचायची. मग जो प्रस्तावाच्या विरोधात आहे त्यानं तो प्रस्ताव स्वतःच्या शब्दांत सांगायचा, आणि मांडणारा "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणेपर्यंत विरोध सुरू करायचा नाही. ह्या एका गोष्टीनं अर्धी भांडणं होतच नाहीत. मग पुरावा, मग गणित, मग शंका.

नव्यांनी बोलताना एवढं पाळा. मोठ्या माणसाला खोडायचं असेल तर त्याचा मुद्दा खोडा, "जिभाऊ, तुम्ही सांगता ते असईला लागू आहे पण अहमदनगरला तर किल्ला होता, तिथं कसं?" असं विचारा, जिभाऊ स्वतःच विचारात पडतील. आणि कोणी तावातावानं "हाई काय नियम शे?" म्हणून उठला तर त्याला बसवा आणि विचारा की कुठल्या टर्नला काय झालं ते सांग. टर्न सांगायला लागला की माणूस आपोआप शांत होतो.

मतदानाच्या मी विरोधात आहे. सात जण असले आणि त्यातले पाच इंग्रज आर्मी चालवत असले तर मराठा आर्मी कायम हरणार मतदानात. त्यापेक्षा दोन माणसांची संमती घ्या, एक जो ती आर्मी चालवतो आणि एक जो तिच्याविरुद्ध सगळ्यात जास्त खेळतो. हे दोघं ट्रायलला हो म्हणाले की बाकीच्यांनी ट्रायल होऊ द्यायची.

सातवी पायरी: ट्रायल, आणि एका वेळी एकच बदल

मोरालपण वाढवलं, पॉइंटपण बदलले, तोफेचा नवा नियमपण आणला आणि मग मराठे जिंकायला लागले, तर कशामुळे? कोणालाच कळणार नाही. पेरणीच्या वेळी शेतकरी नवीन बियाणं एका पट्ट्यात लावून बघतो, अख्ख्या रानात टाकत नाही, तसंच करा. मोरालचा बदल आखाजीला सुरू केला तर पोळ्यापर्यंत तोच एक चालवा. चालू असलेल्या मोहिमेच्या किंवा स्पर्धेच्या मध्ये तर मुळीच बदल नको.

प्रत्येक गेममध्ये बाजू बदला. ज्यानं प्रस्ताव मांडला त्यानं त्याच्या विरुद्ध बाजूनंसुद्धा खेळलं पाहिजे, हे मी सक्तीचं करा म्हणतो. वहीत तारीख, दोघांच्या लिस्ट, टेबलावर काय काय होतं, पहिला टर्न कोणाचा, कोण जिंकलं, आणि नवा नियम कितव्या टर्नला किती वेळा वापरात आला हे लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कधीकधी गेम हरतो माणूस आणि दोष नव्या नियमाला देतो जो त्या गेममध्ये एकदाही वापरला गेला नव्हता.

आणि तीन गेममध्ये निकाल लावू नका. दोन्ही बाजू अगदी समान असल्या तरी तीनही गेम एकाच बाजूनं जिंकायची शक्यता चारात एक आहे, म्हणजे नुसत्या नशिबानं हे सहज होतं. पाचही गेम एकाच बाजूला गेले तर ती शक्यता सोळात एक, तेव्हा मात्र कान टवकारा. त्याच्याआधी जिंकण्या-हरण्यापेक्षा गेम कसा चालला ते बघा, चौथ्या टर्नलासुद्धा दोघांकडे करण्यासारखं काही होतं का, लढाई १८०३ सारखी दिसत होती का.

ट्रायलची मुदत संपली की तीनच रस्ते: ठेवा, काढा, किंवा आकडा बदलून अजून एक मुदत. ठेवायचं ठरलं तर लिस्टवर वरच्या कोपऱ्यात नवी तारीख टाका, जुन्या झेरॉक्स सगळ्यांकडून गोळा करून फाडा आणि नवी प्रत प्रत्येकाच्या हातात द्या, नाहीतर चोपड्याहून येणारा एक जण हमखास जुन्या लिस्टवर आर्मी बनवून आणतो. काढायचं ठरलं तर वहीत का काढलं ते दोन ओळींत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन आलेला पोरगा तोच प्रस्ताव घेऊन आला की त्याला नाही म्हणण्याऐवजी वही देता येते आणि तो त्याच्यापुढं काहीतरी नवीन घेऊन येऊ शकतो.